बाबांचा हायस्कोर आणि डावं बटण

आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली आणि मी "थांबा, मी बघतो" असं म्हणालो की शरयू, म्हणजे आमची सौभाग्यवती, आधी देवापुढं दिवा लावते आणि मग शेजारच्या वंदनाताईंना कळवून येते. पंख्याचा रेग्युलेटर मी दुरुस्त केला तेव्हापासून ही रीत पडली आहे. त्या रेग्युलेटरविषयी मी इथं काही बोलणार नाही. पंखा आजही फिरतो. बटण बंद केलं तरी फिरतो, हा त्याचा उत्साह आहे, त्यात माझा दोष नाही. देऊळगाव राजासारख्या गावात तालुक्याच्या कचेरीत वरिष्ठ सहाय्यक म्हणून उभी हयात काढलेल्या माणसाला स्वतःच्या घरात एवढाही मान नसावा, याचं मला वाईट वाटतं. पण ते असो. आज सांगायचं आहे ते आईच्या गेमच्या डाव्या बटणाबद्दल.

गेम म्हणजे मोबाइलवरचा नव्हे. पूर्वी जत्रेत मिळायचा तो, हातात धरायचा, राखाडी काचेचा. वरून ठोकळे पडतात, ते डावी-उजवीकडं सरकवून खाली बसवायचे, आडवी ओळ भरली की ती गुडुप होते आणि आकडा वाढतो. आमच्या बाबांनी तो बालाजीच्या यात्रेत नातीसाठी म्हणून घेतला आणि नातीला कधी दिला नाही. ती नात, आमची मधुवंती, पुण्याला नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, तरी गेम बाबांच्या उशाशीच. दुपारची जेवणं झाली की एक डाव बाबांचा, एक डाव आईचा. डाव संपला की बाबा आकडा मोठ्यानं वाचायचे, आधी आईचा, मग स्वतःचा. आई त्यांना कधीच हरवू शकली नाही. सत्तेचाळीस हजार आठशे हा बाबांचा शेवटचा उच्चांक काचेच्या कोपऱ्यात तसाच होता, आणि बाबा गेले त्याला आता वर्ष होत आलं होतं.

या यंत्राची एक खोड आहे. आतले सेल काढले की त्याला मागचं काही आठवत नाही. पहिल्यांदा बाबांचा मोठा आकडा असा पुसला गेला तेव्हा ते रात्री जेवले नव्हते. मग त्यांनी युक्ती काढली. जुने सेल काढायच्या आधी दुसऱ्या दोन सेलच्या वायरी आत टेकवून धरायच्या, म्हणजे वीज तुटत नाही आणि आकडा शाबूत राहतो. सेल बदलायचे असले की बाबा सेल काढणार, आई वायरी धरणार आणि मी दाराशी उभा राहून कोणाला आत येऊ देणार नाही. सत्यनारायणाच्या पूजेलासुद्धा आम्ही कधी इतके गंभीर नसायचो.

तर एके दुपारी आईनं मला हाक मारली. आईचं माहेर मलकापूरकडचं. इतकी वर्षं इकडं काढून तिची बोली काही बदलली नाही.

"शरद, हे डावं बटन मेलं रे बापा. ठोकळा निस्ता उजवीकडंच जाऊन राह्यला."

"नवा गेम आणू आई. ऑनलाइन मिळतो."

"नव्यात तुहे बाबा हायेत का?"

आईनं गेम मांडीवर ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "मले त्यायले हरवाचं हाय. वर्षश्राद्धाच्या आत. मंग ते जातीन."

आमच्याकडं असं मानतात की गेलेला माणूस वर्षभर घराच्या आसपासच असतो. वर्षश्राद्ध झालं की तो पितरांमध्ये जाऊन बसतो आणि मग त्याला इकडचं काही दिसत नाही. आईचं म्हणणं सरळ होतं. "ते हायेत तवरच हरवलं पाह्यजे. ते गेल्यावर हरवलं त काय उपेग?"

म्हणजे काम असं होतं. बटण दुरुस्त करायचं, पण बाबांचा आकडा पुसू द्यायचा नाही. आणि आकडा जपायचा कशासाठी, तर आईला तो मोडता यावा म्हणून. कचेरीत असा प्रस्ताव आला असता तर मी त्रुटी काढून परत पाठवला असता. पण समोर आई होती. मी म्हणालो, "थांब, मी बघतो." आतल्या खोलीत काडेपेटी वाजली. शरयूनं दिवा लावला असावा.

पहिला सल्ला वंदनाताईंचा. गेम तांदळाच्या डब्यात ठेवा. मी म्हणालो, "ताई, तो पाण्यात पडलेला नाही." त्या म्हणाल्या, "नसेल, पण ठेवून बघायला काय जातंय?" दुसरा सल्ला फकीर मोहम्मद यांचा. फकीरभाईंचं आमच्याच गल्लीच्या तोंडाशी कूलरचं आणि रिमोटचं दुकान आहे, आणि बाबांच्या मित्रांपैकी आता ते एकटेच उरले आहेत. त्यांनी सांगितलं की बटणाच्या खाली रबर असतं, रबराच्या पोटाला काळा ठिपका असतो, तो ठिपका खालच्या पट्टीला टेकला की वीज वाहते. तो ठिपका घासून गेला असणार.

"पर डावाच काऊन गेला?" त्यांनी विचारलं आणि त्यांचं त्यांनाच उत्तर सुचलं. "हाव! तुमचे बाबा सगळे ठोकळे डावीकडं रचत होते. उजव्या बाजूनं एक फट सोडायचे अन् लांब दांडीची वाट पाहत बसायचे. त्यायच्याच अंगठ्यानं खाल्लं हे बटन."

हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे जाता जाता माह्यं बटन घेऊन गेले." तिला राग आला होता. मेलेल्या माणसावर असा ताजा राग मी प्रथमच पाहत होतो.

आता मला विज्ञान थोडंफार समजतं. काळा ठिपका वीज वाहून नेतो, आणि वीज सगळ्यांत चांगली वाहून नेते ती चांदी. मग ठिपक्याच्या जागी चांदी लावली तर? गावात चांदी इतकी पातळ कुठं मिळते, याचा मी सायंकाळी फिरताना विचार केला आणि मिठाईच्या दुकानासमोर माझे पाय आपोआप थांबले. वर्ख! काजूकतलीवर असतो तो. मी दुकानदाराकडं नुसता वर्ख मागितला. तो म्हणाला, नुसता देत नाही, मिठाईवर घ्या. म्हणून काजूकतली घेऊन आलो. शरयूनं विचारलं, कशाची मिठाई? मी म्हणालो, तांत्रिक कामासाठी आहे. तिनं एक तुकडा तोंडात टाकला आणि डबा माझ्यापुढं सरकवला.

बाबांच्या पद्धतीनं मी दोन सेलच्या वायरी बाहेरून जोडल्या, चिकटपट्टीनं पक्क्या केल्या आणि मगच यंत्र उघडलं. आकडा जागेवर होता. आत बघितलं तर खरोखरच डाव्या ठिपक्याचा काळा रंग उडून नुसतं पांढरं रबर उरलं होतं. काजूकतलीवरचा वर्ख चमच्याच्या टोकानं उचलून मी तिथं बसवला. बोटाला थोडा लागला, तो पुसला. कुठं पुसला ते आता सांगता येत नाही. यंत्राचं झाकण लावलं आणि ते आईच्या हातात दिलं. पहिला ठोकळा आला आणि कोणी हात न लावता तरातरा डावीकडं गेला. दुसराही गेला. मागून येणारे सगळे डाव्या भिंतीला एकावर एक चढले आणि डाव संपला.

"आधी उजवीकडं जात होते, आता डावीकडं जाऊन राह्यले," आई म्हणाली. "तुह्या यंत्राले मधात काही सुचत नाही का?"

फकीरभाईंनी यंत्र उघडून पाहिलं आणि आधी वास घेतला. "शरदबाबू, हे गेम हाय का बर्फी?" वर्ख भलतीकडं पसरून वीज नको तिथून वाहत होती. त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं सगळं पुसून दिलं आणि म्हणाले, एखाद्या जुन्या रिमोटच्या रबराचा ठिपका कापून लावून पाहा. जुना रिमोट घरात नव्हता, म्हणून मी चालू रिमोटचा कापला. आवाज कमी करायच्या बटणाचा. माझा हिशेब असा की टीव्हीचा आवाज आपण फारसा कमी करतच नाही. तो ठिपका गेममध्ये बसला नाही, आणि शरयूची मालिका मात्र आता थेट वंदनाताईंच्या स्वयंपाकघरात ऐकू जाऊ लागली. वंदनाताई तक्रार करत नाहीत, पुढं काय होणार ते भिंतीपलीकडून सांगतात. माझ्याशी शरयू दोन दिवस बोलली नाही. बोलली असती तरी टीव्हीपुढं मला ऐकू आलं नसतं.

शेवटी फकीरभाईंनीच मार्ग काढला. त्यांची बहीण चांदबी नांदुऱ्याला असते. तिचा मुलगा बिलाल असलेच जुने हातातले गेम दुरुस्त करतो, पुण्या-मुंबईचे शौकीन त्याला पार्सलनं पाठवतात. बटणाचं रबर त्याच्याकडं हमखास मिळेल. मी लगेच एका कुरिअरच्या खिडकीशी गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, आत बॅटरी आहे का? आहे. काढून द्या. काढता येत नाही. मग पार्सल जात नाही. बरं, वस्तू काय आहे? मी म्हणालो, गेम. किंमत काय लिहू? मी विचारात पडलो. माझ्यामागं उभ्या असलेल्या गृहस्थांनी सुचवलं, "शून्य लिहा हो, जुना दिसतोय." मला इतका संताप आला की मी पार्सल उचलून सरळ घरी आलो.

म्हणजे स्वतः जायला हवं होतं. रजेच्या अर्जात मी 'वडिलांच्या कामासाठी' असं लिहिलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "शरच्चंद्र, तुमचे वडील वारले ना?" मी म्हणालो, "हो सर, त्यासाठीच." साहेब चांगले आहेत. त्यांनी पुढं काही न विचारता सही केली आणि पाणी मागवून मला प्यायला लावलं.

निघताना आईनं यंत्र स्वतः बांधून दिलं. खाली कापूस, वर कापूस, मधे गेम, बाजूला वायरी आणि सेल, आणि हे सगळं स्टीलच्या उभ्या डब्यात. झाकणावर तिनं हळदीकुंकू लावलं. म्हणाली, "सांभाळून नेजो. अन् कोणाले खेळू देऊ नको. तिसऱ्यानंच हरवून टाकलं त मी काय करू?" हा धोका माझ्या लक्षातच आला नव्हता.

चिखलीपर्यंत प्रवास उत्तम झाला. तिथं गाडी बदलली, पुढं रस्ता खराब लागला आणि एका बसस्थानकात गाडी उभी असताना (स्थानकाचं नाव सांगत नाही, तिथून मला पुन्हा जावं लागतं) वरच्या फळीवरच्या डब्यातून आवाज यायला लागला. टिट, टिट, टिट. कापसाच्या आत कुठलंतरी बटण दाबलं गेलं असणार. सगळी गाडी वर पाहू लागली. कंडक्टरनं विचारलं, "कोणाचा डबा?" मी हात वर केला. त्यानं झाकण उघडलं, आत कापूस, कापसात वायरी, वायरींना सेल. त्यानं झाकण परत लावलं नाही. तो उतरला. त्याच्यामागून सगळी गाडी उतरली. एक आजी तर खिडकीतून पिशवी बाहेर टाकून मग दारातून गेल्या. गाडीत मी आणि बाबा असे दोघंच उरलो.

मग हवालदार आले. मला आणि डब्याला चौकीत नेण्यात आलं. बाहेर शंभर माणसं जमली असतील, त्यात आमच्या कचेरीत सातबाऱ्यासाठी येणारा एक ओळखीचा चेहराही होता. त्यानं मला नमस्कार केला. अशा वेळी नमस्कार घ्यावा की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"काय हाय यात?" हवालदारांनी दरडावून विचारलं.

माझ्या तोंडून खरं तेच निघालं. "वडील आहेत."

हवालदारांनी डब्यावरचं हळदीकुंकू पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली. "अस्थी का?"

"नाही साहेब. हायस्कोर."

टोपी परत डोक्यावर गेली. मी जेवढं सांगता आलं तेवढं सगळं सांगितलं. आई, वर्षश्राद्ध, ठोकळे. हवालदार म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण वायरी आधी काढा. मी म्हणालो, साहेब, मला आत टाका, वायरी काढू नका. हे मी इतक्या मोठ्यानं म्हणालो की बाहेरची गर्दी दोन पावलं मागं सरकली. मग त्यांनी दुसरा विचार केला. "गेम हाय म्हणता, त चालवून पाहू." आणि त्यांनी तो हातात घेऊन खेळायला सुरुवात केली.

काय सांगू, माणूस पटाईत निघाला! लहानपणी त्यांच्याकडं असलाच गेम होता म्हणे. डावं बटण चालत नसतानासुद्धा ते ठोकळे फिरवून फिरवून असे बसवत होते की ओळीमागून ओळ गुडुप होत होती. आकडा चढत चालला. दहा हजार झाले, वीस झाले. पोलिसाला "हरा" असं सांगता येत नाही. मी मनातल्या मनात बालाजीला हात जोडले. तिसाच्या वर आकडा गेला आणि एक ठोकळा असा आला, जो डावीकडंच न्यायला हवा होता. हवालदारांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, अंगठा पांढरा होईपर्यंत दाबलं. ठोकळा मधेच बसला, त्याच्यावर दुसरे चढले आणि डाव संपला.

"बटन खराब हाय हो तुमचं!" ते वैतागून ओरडले.

"त्यासाठीच चाललोय साहेब," मी म्हणालो. त्यांनी डबा स्वतः बांधून दिला आणि पुढच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळवून दिली.

नांदुऱ्याला बिलालचं घर शोधायला वेळ लागला नाही. पुढच्या खोलीत टेबल, टेबलावर गोल दिवा, दिव्याच्या मधोमध मोबाइल. बिलाल जे काही दुरुस्त करतो त्याचा आधी व्हिडिओ काढतो. त्यानं गेम हातात घेतला आणि मोबाइलकडं बघत बोलायला लागला. मला वाटलं माझ्याशीच बोलतोय, म्हणून मी दोनदा उत्तर दिलं. ते त्याला पुन्हा काढावं लागलं.

"अंकल, बॉडी पिवळी पडली. नवी टाकतो, आरपार दिसणारी. कडक दिसते."

"फक्त बटण."

"फक्त बटनाचा व्हिडिओ कोण पाहीन अंकल?"

पण रबर त्याच्याकडं होतं. मेलेल्या एका तशाच गेममधून काढलेलं, पाचही ठिपके काळेभोर. अडचण एकच. माझ्या चिकटपट्टीच्या वायरी वाटेत येत होत्या आणि त्या काढल्याशिवाय आतली पट्टी उचलता येईना. बिलाल म्हणाला, "काम होईपर्यंत दोन्ही वायरी बोटांनी टेकवून धरा. सुटल्या त गेलं." मी धरल्या. दोन हातांच्या चिमटीत दोन वायरी, आणि श्वास रोखलेला. काम तसं थोडंच होतं, पण बिलालचं बोलणं चुकायचं आणि तो "एक बार और" म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. माझं नाक खाजायला लागलं. नाकावर माशी बसली. माशीला मान हलवून हाकलावं तर हात हलतो. मी तिच्याकडं डोळे वटारून पाहिलं, तिला काही वाटलं नाही.

एवढ्यात चांदबी चहा घेऊन आल्या. माझे हात पाहून त्यांनी कप खाली ठेवला, बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि बशी माझ्या ओठांना लावली. पन्नाशी उलटलेला वरिष्ठ सहाय्यक मी, पण मुकाट्यानं प्यायलो.

"भाईजाननं फोनवर सांगितलं," त्या म्हणाल्या. "अब्बाचा हाय ना हा?"

"हो. आईला खेळायचाय. वर्षश्राद्धाच्या आत."

चांदबींनी बशी खाली ठेवली आणि मोबाइलभोवतीचा दिवा खटकन बंद केला. "बिलाल, तमाशा बंद कर. पोराचे हात दुखून राह्यले." पोरगा म्हणजे मी. त्या एका शब्दानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पाण्यानं नाक चुरचुरलं आणि मला शिंक आली.

उजव्या हातातली वायर सुटली. मी ती लगेच टेकवली, पण काच कोरी झाली होती. कोपऱ्यात काही नव्हतं. मागं, बाबांना दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी अंगणातला मांडव, लाकडं, फोन यातच होतो. मला काही जाणवायला सवडच मिळाली नव्हती. ते आत्ता जाणवलं. त्या परक्या घरात, हातात दोन वायरी धरून, मी बाबांना गमावलं. मी "गेले" एवढंच म्हणालो. चांदबींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बिलालनं चालू करायचं बटण दाबलं. टिट असा आवाज झाला आणि काच हळूहळू भरली. कोपऱ्यात सत्तेचाळीस हजार आठशे. आतल्या भागात वीज थोडा वेळ धरून राहते म्हणे. मला ते कारण नीट समजलं नाही आणि समजून घ्यायचंही नव्हतं. बिलालनं रबर बसवलं, स्क्रू लावले, डावं बटण दोनदाच दाबून पाहिलं आणि "आंटीच खेळतीन" म्हणून डबा माझ्या हातात दिला.

घरी आल्यावर वाटलं, आता झालंच. पण इतके दिवस डावं बटण नसताना खेळून आईच्या हाताला भलतीच सवय लागली होती. ठोकळा डावीकडं न्यायचा सोडून ती तो फिरवतच बसायची. फकीरभाई रोज दुपारी येऊन बसू लागले. वंदनाताईही यायच्या. "काकू, तिकडं, तिकडं!" असं दोघंही एकदम ओरडायचे आणि दोघांची बोटं वेगवेगळ्या दिशांना असायची. आई डाव न थांबवता म्हणायची, "चूप राहा बरं जरासक." भटजींचा निरोप आला, केळीची पानं सांगून झाली, पाहुण्यांची यादी झाली, आणि आई अजून चाळीस हजारांतच अडकली होती. श्राद्ध दोन दिवसांनी पुढं ढकलता येईल का, असं मी भटजींना फोनवर विचारलं. कारण ऐकून त्यांनी फोन शरयूकडं द्यायला सांगितला.

श्राद्धाच्या आदल्या दुपारी आई जेवली नाही. हात धुऊन ती बाबांच्या फोटोसमोर भिंतीला टेकून बसली. या वेळी तिनं खेळायची तऱ्हाच बदलली. सगळे ठोकळे डावीकडं रचले आणि उजव्या कडेला एक उभी फट सोडून दिली. फकीरभाईंनी माझा हात दाबला. ते बाबांचं खेळणं होतं. लांब दांडी येईपर्यंत आई थांबायची. आली की ती फटीत सोडायची आणि चार ओळी एकदम गुडुप व्हायच्या. वंदनाताईंनी बोट दाखवणंसुद्धा सोडलं होतं. शरयू पिठाच्या हातांनी दारात उभी होती. पंचेचाळीस झाले. शेहेचाळीस झाले. ठोकळे आता इतके भरभर पडत होते की मला ते दिसतही नव्हते, फक्त आईचा अंगठा दिसत होता.

मग ते यंत्र एक बारीकसं गाणं वाजवून गप्प झालं. कोपऱ्यातला आकडा बदलला होता.

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फकीरभाई "वा भाभी, वा!" म्हणून उठूनच उभे राहिले. आईनं मान वर करून फोटोकडं पाहिलं. ती पाहतच राहिली. फोटोत बाबा होते तसेच होते, शर्टाचं वरचं बटण लावलेले, थोडे हसणारे. हळूहळू आमच्या टाळ्या थांबल्या.

"हरल्यावर त्यायचं तोंड कसं होते, तेवढंच पाहाचं होतं रे मले," आई म्हणाली. "ते काही दिसलं नाही."

आणि ती रडायला लागली. बाबा गेले त्या दिवशी तिनं सगळ्यांना धीर दिला होता, दहाव्याला पंगतीची व्यवस्था पाहिली होती, वर्षभरात तिच्या डोळ्याला पाणी आलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. आता ती पदर तोंडाशी धरून, खांदे हलवत, लहान मुलीसारखी रडत होती. मी तिच्याजवळ खाली बसलो.

"आई," मी म्हणालो, "त्यांनी मान्यच केलं नसतं बघ. नवं रबर लावून खेळलीस, हा डाव धरायचा नाही, असं म्हणाले असते."

आईनं पदर खाली घेतला. तिचं नाक लाल झालं होतं. रडता रडताच तिला हसू फुटलं.

"हाव रे," ती म्हणाली. "अस्संच म्हणाले असते. मंग संध्याकाळपरेंत बोलले नसते." तिनं डोळे पुसले, फोटोकडं एकदा पाहिलं आणि मोठ्यानं, स्पष्ट आवाजात आकडा वाचून दाखवला. आधी तिचा, मग बाबांचा.